सांतियागोच्या वाटेवरील शोकयात्री

इसवी सन 1080 मध्ये लोरेन प्रांतातील तीस जण संत याकोबाच्या समाधीचे दर्शन घेण्यासाठी सांतियागोच्या यात्रेस निघाले, आणि निघण्यापूर्वी त्यांतील एकोणतीस जणांनी, वाटेत कोणावर कसलाही प्रसंग ओढवला तरी एकमेकांस अंतर द्यायचे नाही, अशी शपथ वाहिली. शपथ न घेणारा त्यांत एकच होता. दक्षिण फ्रान्समध्ये त्यांच्यापैकी एकाला दुखण्याने गाठले, सोबत्यांनी काही दिवस त्याला कधी घोड्यावर घालून तर कधी हातांवर उचलून पिरेनीज पर्वताच्या पायथ्यापर्यंत आणले, परंतु पुढे त्यांचा धीर सुटला आणि शपथ वाहिलेले ते सर्व जण त्याला तेथेच टाकून चालते झाले. मागे राहिला तो शपथ न घेतलेला एकटा. त्याने रोग्याला आधार देत देत सीझचा घाट चढविला, घाटमाथ्यावर रात्र पडली, आणि त्या निर्जन अंधारात रोग्याने प्राण सोडला. प्रेत सोबतीला, पुरायला माणूस नाही, अशा अवस्थेत त्या जिवंत राहिलेल्या माणसाने संताचा धावा केला, तेव्हा एक घोडेस्वार प्रकट झाला, त्याने मृताला आपल्यापुढे व जिवंताला आपल्यामागे घेतले, आणि उजाडण्याच्या आत दोघांनाही सांतियागोलगतच्या मोंते दो गोसो या टेकडीवर आणून उतरविले. तेथील धर्माधिकाऱ्यांनी मृताचे यथाविधी दफन केले. आणि सोडून गेलेल्या सोबत्यांना, त्यांची यात्रा रुजू झालेली नाही, असा निरोप परतीच्या वाटेवर लेओन शहरात मिळाला.

ही कथा बाराव्या शतकाच्या मध्यास सिद्ध झालेल्या ‘कोडेक्स कालिक्स्तिनुस’ नावाच्या लॅटिन हस्तलिखितात आहे. सांतियागोच्या कॅथेड्रलमध्ये जतन केलेल्या या पोथीचे पाच खंड असून दुसऱ्या खंडात संत याकोबाच्या बावीस चमत्कारांचे वर्णन येते. वरील कथा त्यांपैकी चौथी. तिची आठवण होण्याचे कारण असे की, 2010 साली एमिलिओ एस्तेव्हेझ या अमेरिकन दिग्दर्शकाने ‘द वे’ नावाचा जो अत्यंत संयत चित्रपट केला, त्यातही मृत्यू घडतो तो याच घाटात. कॅलिफोर्नियातील एक वृद्ध नेत्रवैद्य. त्याचा बापाशी न पटणारा, जग पाहायला निघालेला एकुलता एक मुलगा. यात्रेच्या पहिल्याच दिवशी पिरेनीजमध्ये वादळात सापडून मुलाचा झालेला अंत. आणि शव घेऊन परत जाण्यासाठी सँ-जाँ-प्ये-द-पोर या सीमेवरच्या गावी आलेला बाप, जो मुलाचे दहन करवून, त्याच्याच पाठपिशवीत त्याची रक्षा घालून, स्वतः ती आठशे किलोमीटरांची वाट चालू लागतो. दिग्दर्शकाचे वडील मार्टिन शीन यांनी बापाची भूमिका केली आहे, मुलाच्या भूमिकेत दिग्दर्शक स्वतः आहे. दिग्दर्शकाच्या वाचनात ती जुनी कथा होती की नाही, हा प्रश्न माझ्या दृष्टीने गौण आहे. घाट तोच, मृत्यू तोच, आणि मृताची राहिलेली वाट जिवंताने पुरी करायची हा दंडकही तोच. साडेआठशेहून अधिक वर्षांच्या अंतराने दोन निवेदने इतकी समांतर जातात, याचा अर्थ एवढाच की या वाटेवर ही गोष्ट पुन्हा पुन्हा प्रत्यक्ष घडत आली आहे. सांतियागोच्या वाटेचा इतिहास श्रद्धेचा, व्यापाराचा, शिल्पाचा आणि राजकारणाचा म्हणून पुष्कळांनी लिहिला. तो शोकाचा इतिहास म्हणूनही लिहिला पाहिजे, कारण या वाटेवरच्या संस्था, कायदे, इमारती आणि रूढी यांचा फार मोठा भाग मृत्यूच्या सोयीसाठी आणि मागे उरलेल्यांच्या सोयीसाठी उभा राहिला.

मुळात ही वाट सुरू होते तीच एका थडग्यापासून. येशूचा शिष्य, जब्दीचा मुलगा याकोब, याचा हेरोद अग्रिप्पाने इसवी सन 44 च्या सुमारास यरुशलेमेत शिरच्छेद केला. त्याचे शव शिष्यांनी समुद्रमार्गे स्पेनच्या वायव्य टोकाला, गालिसिया प्रांतात, नेले अशी आख्यायिका. आणि नवव्या शतकाच्या पूर्वार्धात पेलायो नावाच्या एका एकांतवासी साधूला रानात दिव्य प्रकाश दिसल्यावरून इरिया फ्लाव्हियाचा बिशप तेओदोमिरो याने तेथे एक जुनी कबर शोधून ती संताचीच असल्याचे जाहीर केले. आस्तुरियासचा राजा अल्फोन्सो दुसरा ओव्हिएदोहून दर्शनाला आला, आणि पहिला यात्रेकरू म्हणून परंपरेने त्याचेच नाव घेतले जाते. थडग्यातील अस्थी याकोबाच्याच आहेत हे इतिहासाच्या कसोटीवर सिद्ध झालेले नाही. मात्र बिशप तेओदोमिरो ही काल्पनिक व्यक्ती नव्हे, हे 1955 च्या उत्खननात कॅथेड्रलच्या जमिनीखाली सापडलेल्या, 847 हे मृत्युवर्ष कोरलेल्या त्याच्या समाधिशिलेने निश्चित केले. 950 च्या शरदात फ्रान्समधील ल प्युईचा बिशप गोदेस्काल्क मोठा लवाजमा घेऊन आला. पिरेनीजपलीकडून आलेला, नावानिशी ठाऊक असलेला पहिला यात्रेकरू तो. 997 मध्ये कोर्दोव्याच्या अल-मन्सूरने नगर जाळून चर्चच्या घंटा नेल्या, पण थडग्याला हात लावला नाही. 1075 मध्ये आज दिसणाऱ्या कॅथेड्रलचे काम सुरू झाले, आणि पुढच्या शंभर वर्षांत युरोपच्या कानाकोपऱ्यातून माणसे या वाटेला लागली.

या माणसांच्या मनात काय होते, हे कळण्याचे उत्तम साधन म्हणजे त्या बावीस चमत्कारांच्या कथा. अद्भुताचा अंश बाजूला ठेवून त्या वाचाव्यात. मग उरतो तो निखळ संसार, आणि त्या संसारातली दुःखे. 1100 च्या सुमारास प्वातू प्रांतात साथीचा ज्वर पसरला तेव्हा एक गृहस्थ बायको आणि दोन लहान मुलांना घोडीवर बसवून सांतियागोकडे निघाला. पाम्प्लोना शहरात बायको मरण पावली, आणि ज्या खाणावळीत ते उतरले होते तिच्या मालकाने त्याचे होते नव्हते ते द्रव्य आणि घोडीसुद्धा अडकवून ठेवली. दोन पोरे काखोटीला मारून तो विधुर शहराबाहेर पडला, तेव्हा एका अनोळखी माणसाने त्याला मुलांसाठी आपले गाढव दिले. तो अनोळखी माणूस म्हणजे संतच होता असे कथा सांगते. गाढव कोणी दिले यापेक्षा मला महत्त्वाचे वाटते ते हे की, बायकोला परमुलखात पुरून आलेल्या त्या माणसापुढे मागे फिरण्याचा विचार कथेत येतच नाही. दुसऱ्या एका कथेत नवसाने झालेला पंधरा वर्षांचा मुलगा नवस फेडायला निघालेल्या आईबापांच्या डोळ्यांदेखत ओकाच्या डोंगरात मरतो, आणि आईचा आकांत इतका अनावर होतो की संताला त्याला उठवावेच लागते.

सर्वांत प्रसिद्ध झाली ती पाचवी कथा. यात्रेला निघालेले जर्मन बापलेक तुलूझ शहरात मुक्कामाला उतरले. यजमानाने लोभाने आपला चांदीचा पेला त्यांच्या सामानात लपवून त्यांच्यावर चोरीचा आळ घेतला. न्यायाधीशाने दोघांपैकी एकाला फाशी फर्मावली. बाप म्हणे मला द्या, मुलगा म्हणे मला द्या. अखेर मुलगा फासावर गेला. बाप रडत रडत पुढे सांतियागोला गेला, दर्शन घेऊन माघारी आला, आणि छत्तिसाव्या दिवशी मुलाचे प्रेत पाहावे म्हणून वाट वाकडी करून वधस्तंभाशी पोचला, तो मुलगा जिवंत. संताने त्याला इतके दिवस आपल्या हातांवर तोलून धरले होते. पुढे ही कथा स्थलांतर करून स्पेनमधल्या सांतो दोमिंगो दे ला काल्सादा या गावी येऊन स्थिरावली, तिच्यात भाजलेली कोंबडी ताटातून उठून आरवल्याचा प्रसंग जोडला गेला, आणि त्याची खूण म्हणून तेथील कॅथेड्रलमध्ये नक्षीदार खुराड्यात पांढरा कोंबडा व कोंबडी आजही जिवंत पाळली जातात. कोंबड्यांच्या कौतुकात प्रवासी लोक कथेतला बाप विसरतात, याचे मला वाईट वाटते. फाशी गेलेल्या मुलाला मागे टाकून तो पुढे जातो, ते मुलगा परत मिळेल या आशेने नव्हे. दोघांनी मिळून घेतलेले व्रत आता एकट्याने पुरे करणे, एवढेच त्याच्या हातात उरलेले असते म्हणून. ‘द वे’मधील वृद्ध डॉक्टर थेट याच बापाच्या कुळातला आहे, फरक इतकाच की, चित्रपट चमत्कार करीत नाही, आणि मुलगा वाटेवर वारंवार दिसतो तो बापाच्या डोळ्यांनाच.

कथा सोडून प्रत्यक्षाकडे वळले तर मृत्यूच्या खुणा पावलोपावली आहेत. सँ-जाँ-प्ये-द-पोरपासून पलीकडच्या रॉन्सेस्व्हायेसपर्यंतचा पहिला टप्पा सुमारे पंचवीस किलोमीटरांचा, पण त्यात चढ बाराशे मीटरांहून अधिक, आणि धुके व हिम केव्हा उतरेल याचा नेम नाही. नोव्हेंबरच्या आरंभापासून मार्चअखेरपर्यंत ही डोंगरवाट आज कायद्यानेच बंद असते. इबान्येताच्या खिंडीतील मठात धुक्यात चुकलेल्यांसाठी घंटा वाजविण्याचा प्रघात होता. खाली रॉन्सेस्व्हायेस येथे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात पाम्प्लोनाच्या बिशपाने आतिथ्यशाला उभारली, जिच्यात निवारा, अन्न, औषधोपचार आणि दफन या चारही गोष्टींची तजवीज होती. तिचा गौरव करणारे एक मध्ययुगीन लॅटिन काव्य उपलब्ध आहे. त्यात तिचे दार ख्रिस्ती भाविकांप्रमाणेच ज्यू, मूर्तिपूजक आणि पाखंडी यांनाही उघडे असल्याचे सांगितले आहे. तेथील सर्वांत जुनी इमारत म्हणजे एक चौरस, बसकी, दगडी समाधिघुमटी. लोक तिला फ्रँक राजा शार्लमेन याचे कोठार म्हणतात आणि 778 च्या लढाईत पडलेल्या त्याच्या रोलां या सरदाराचे नाव तिला चिकटवतात. वस्तुतः तिच्या तळघरात अस्थी आहेत त्या मुख्यतः घाटात आणि आतिथ्यशाळेत मेलेल्या अनामिक यात्रेकरूंच्या. शतकानुशतके एकावर एक रचल्या गेलेल्या या हाडांपाशी युरोपातील सर्व मुलूख एकत्र आलेले आहेत. नाव नाही, गाव नाही, राजा नाही.

पुढे नव्हारच्या माळावर एउनाते नावाचे बाराव्या शतकातील एक अष्टकोनी चर्च एकाकी उभे आहे. त्याच्या भोवती खोदताना थडगी सापडली, आणि त्यांत यात्रेकरूंचे चिन्ह असलेले शिंपले. नावारेते गावच्या स्मशानभूमीचे प्रवेशद्वार पाहण्यासारखे आहे: बाराव्या शतकातील यात्रेकरूंची एक आतिथ्यशाला मोडकळीस आली तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिचा कोरीव दरवाजा उचलून गावकऱ्यांनी स्मशानाला बसविला, आणि ज्या दाराने थकलेले लोक विसाव्याला आत येत, त्याच दाराने आता गावची प्रेते आत जातात. व्हियाफ्रांका देल बियेर्सो येथील संत याकोबाच्या चर्चला ‘क्षमेचे दार’ आहे. येथून सांतियागो अद्याप जवळजवळ दोनशे किलोमीटर, मध्ये ओ सेब्रेइरोचा बिकट चढ. ज्याच्या अंगात आता चालण्याचे त्राण नाही त्याने या दाराशी येऊन डोके टेकावे, त्याला समाधीपर्यंत पोचल्याचे संपूर्ण पुण्य लाभेल, अशी धर्मपीठाची सनद होती. धर्मशास्त्राने मानवी देहाच्या मर्यादेपुढे इतक्या समंजसपणे मान तुकविल्याची उदाहरणे फार थोडी सापडतील.

राज्यकर्त्यांनाही या मृत्यूंची दखल घ्यावी लागली, आणि इतिहासाच्या अभ्यासकाला हा भाग विशेष मनोरंजक वाटेल. 1072 मध्ये कास्तील व लेओनचा राजा अल्फोन्सो सहावा याने व्हाल्कार्से खिंडीतील किल्ल्यावर यात्रेकरूंकडून घेतली जाणारी जकात माफ केली. परंतु जकातीपेक्षा भयंकर प्रश्न होता तो वाटेत मेलेल्यांच्या मालमत्तेचा. परदेशी माणूस खाणावळीत मेला की त्याचा घोडा, कपडे आणि कंबरेचा कसा खाणावळवाल्याच्या घशात जाई. स्थानिक अंमलदारही बेवारस माल म्हणून जप्ती आणीत. पाम्प्लोनाच्या विधुराची कथा या सार्वत्रिक तक्रारीतूनच जन्मली असली पाहिजे. तेराव्या शतकात शहाणा अल्फोन्सो म्हणून विख्यात असलेल्या दहाव्या अल्फोन्सोने ‘सिएते पार्तिदास’ ही जी कायद्याची महासंहिता तयार करविली, तिच्यात यात्रेकरूंसंबंधी स्वतंत्र कलमे आली. यात्रेकरूला आपल्या मर्जीप्रमाणे मृत्युपत्र करण्याचा अधिकार आहे आणि त्यात कोणीही आडकाठी करता कामा नये; मृत्युपत्र न करता तो मेल्यास त्याच्या चीजवस्तू बिशपाच्या ताब्यात सुरक्षित राहाव्यात, आणि मृताच्या गावी पत्र पाठवून वारसांना कळवावे, असा त्यांचा आशय. कुठल्यातरी दूरच्या खेड्यात वाट पाहत बसलेल्या बाईला, तुझा नवरा गेला आणि त्याचा झगा व इतके पैसे आमच्याकडे जमा आहेत, हे कळविण्याचे कर्तव्य एका राज्याने आपल्या कायद्यात लिहून घ्यावे, ही गोष्ट त्या काळाच्या कीर्तीसाठी मला मोठमोठ्या विजयांपेक्षा अधिक मोलाची वाटते.

मृताची राहिलेली यात्रा दुसऱ्याने करणे, ही तर मध्ययुगात रीतसर रूढी होती. उत्तर जर्मनीतील ल्युबेक शहरच्या व्यापाऱ्यांच्या मृत्युपत्रांत, आपल्या आत्म्यासाठी एखाद्या माणसाला सांतियागोला पाठवावे म्हणून ठेवलेल्या रकमांच्या नोंदी आढळतात. फ्लँडर्सच्या नगरांत मनुष्यवध झाला असता दोन्ही घराण्यांमध्ये जो समेट घडवीत, त्यात मारेकऱ्याने वध झालेल्याच्या आत्म्यासाठी दूरच्या तीर्थाची पायी यात्रा करावी अशी अट पुष्कळदा असे. सूडाची साखळी तोडण्याचा तो एक मार्ग होता. उलट, यात्रा पुरी केलेला माणूस आपला शिंपला मरेपर्यंत जपे, आणि तो त्याच्याबरोबर पुरला जाई. इंग्लंडातील वूस्टर कॅथेड्रलमध्ये 1986 मध्ये सापडलेल्या मध्ययुगीन थडग्यात एक माणूस पायांत बूट, बाजूला दंड आणि शिंपला अशा यात्रेकरूच्या संपूर्ण वेषात निजविलेला होता. इटालियन कवी दान्तेने आपल्या प्रिय बियात्रिचेच्या 1290 मधील मृत्यूनंतर जो शोकग्रंथ रचला, त्यातही अखेरीस शहरातून चाललेले यात्रेकरू येतात, आणि तेथे तो आवर्जून नमूद करतो की, खऱ्या अर्थाने यात्रेकरू म्हणावे ते संत याकोबाच्या स्थानाला जाणाऱ्यांना, कारण कोणत्याही प्रेषिताचे थडगे त्याच्या मायभूमीपासून इतके दूर नाही.

परंतु शोक आणि चालणे यांचा सर्वांत गाढ संबंध पाहायचा तर सांतियागोच्या उत्तरेला, समुद्रकड्यावर वसलेल्या सान आंद्रेस दे तेशीदो या गालिसियन तीर्थाकडे गेले पाहिजे. गालिसियन लोकांची अशी दृढ समजूत की, या तीर्थाला जो जिवंतपणी गेला नाही त्याला मेल्यानंतर जावेच लागते, आणि तेही सरडा, साप, बेडूक अशा एखाद्या जिवाच्या रूपाने. म्हणून या वाटेवर चालताना पायाखालचा किडासुद्धा मारायचा नाही, कोण जाणे तो कोणाचा आजा असेल. ज्याची यात्रा राहून गेली त्याचे नातलग त्याच्या वतीने निघत. निघण्याआधी ते त्याच्या थडग्याशी जाऊन, चल, आम्ही निघालो, असे त्याला रीतसर बोलावणे करीत. वाटेत त्याच्याशी बोलत. चालण्याऐवजी बसने जायचे झाल्यास त्याच्यासाठी एक जागा राखून तिचे भाडे भरीत. वाटेच्या कडेला प्रत्येकाने एकेक दगड टाकून झालेले ढीग आहेत, आणि अंतिम निवाड्याच्या दिवशी हे दगड, कोण आले आणि कोण आले नाही, याची साक्ष देतील असे म्हणतात. ज्यांनी आपले मृत माणूस बसमध्ये शेजारी बसवून देवाला नेले, त्या लोकांच्या प्रदेशातूनच मार्टिन शीन यांचे वडील फ्रान्सिस्को एस्तेव्हेझ अमेरिकेस गेले होते, आणि ‘द वे’ हा चित्रपट त्यांच्याच स्मृतीस अर्पण केलेला आहे. पाठपिशवीत मुलाची रक्षा घेऊन चालणारा, मुक्कामामुक्कामावर तिची चिमूट ठेवणारा आणि उरलेली मुशीआच्या खडकांवरून समुद्राला देणारा नायक अमेरिकन प्रेक्षकाला कदाचित नवा वाटला असेल. गालिसियातील एखाद्या म्हातारीला तो मुळीच नवा वाटणार नाही.

मराठी वाचकालाही वाटू नये. अस्थी घेऊन नाशिकच्या रामकुंडावर किंवा काशीला जाणे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. आणि वारकरी घराण्यात बाप गेल्यावर त्याची वारी खंडित होऊ नये म्हणून मुलाने आषाढीला पालखीबरोबर चालू लागणे, ही तर आजही महाराष्ट्रात खेडोपाडी दिसणारी गोष्ट आहे. दोन परंपरांत एक भेद मात्र ठळक आहे. वारकरी दिंडीतून, आपल्या गावच्या माणसांत, भजनाच्या ठेक्यावर चालतो; सांतियागोचा यात्रेकरू बहुधा एकटा निघतो आणि त्याला माणसे वाटेत भेटतात. चित्रपटातील डॉक्टरच्या वाट्याला आलेले डच, कॅनेडियन आणि आयरिश सोबती त्याला नकोसे असतात, तरी ते चिकटून राहतात.

सोळाव्या शतकापासून वाट ओस पडत गेली. धर्मसुधारणेच्या चळवळीने यात्रांवर कठोर टीका केली, युद्धांनी सरहद्दी बंद केल्या, आणि 1589 मध्ये इंग्रज आरमार आ कोरून्याच्या किनाऱ्यावर चालून आले तेव्हा सांतियागोच्या आर्चबिशपाने संताच्या अस्थी अशा ठिकाणी लपविल्या की पुढे त्यांचा ठावठिकाणाच लागेना. त्या 1879 मध्ये कॅथेड्रलमधील खोदकामात सापडल्या आणि पोप तेरावा लिओ याने 1884 मध्ये त्यांच्या सत्यतेवर मोहोर उमटविली. म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षे लोक चालत होते ते हरवलेल्या अस्थींकडे. मधल्या काळात, 1836 च्या सुमारास, स्पेनच्या सरकारने मठांच्या जमिनी व मिळकती जप्त करून विकल्या, आणि आतिथ्यशाळांचा उरलासुरला आधारही गेला. पुनरुज्जीवनाचे श्रेय एका माणसाला द्यायचेच झाले तर ते ओ सेब्रेइरोचे धर्मगुरू एलियास व्हालिन्या यांना द्यावे लागेल. त्यांनी जुन्या वाटेचा कागदोपत्री शोध घेतला, आणि 1984 मध्ये पिवळ्या रंगाचे डबे व कुंचला घेऊन पिरेनीजपासून सांतियागोपर्यंत झाडांवर, दगडांवर, भिंतींवर बाण रंगवीत गेले. आज सबंध जग ओळखते ते हेच पिवळे बाण. 1986 मध्ये सांतियागोला नोंदले गेलेले यात्रेकरू तीन हजारांच्याही आत होते. चित्रपट आला त्या, यात्रेसाठी विशेष पवित्र मानल्या गेलेल्या 2010 या वर्षी ते दोन लाख सत्तर हजारांवर गेले. आणि 2024 मध्ये पाच लाखांच्या घरात.

ही वाढ निर्मळ आनंदाची आहे असे म्हणवत नाही. ‘कोम्पोस्तेला’ हे यात्रापूर्तीचे प्रमाणपत्र मिळण्यास अखेरचे शंभर किलोमीटर चालणे पुरेसे असल्यामुळे सर्वांत अधिक लोक सार्रिया गावापासून आरंभ करतात आणि चारपाच दिवसांत कॅथेड्रलच्या चौकात उभे राहतात. घाट, ओकाचे डोंगर, कास्तीलचे निर्वृक्ष पठार, रॉन्सेस्व्हायेसचे तळघर, हे काहीच त्यांच्या वाट्याला येत नाही. याहून मोठी हानी परतीची. मध्ययुगात सांतियागो हा अर्धा टप्पा होता. तितकेच चालून घरी यावे लागे, आणि फासावरच्या मुलाची कथा सांगणाऱ्याला ठाऊक होते की बापाला मुलगा भेटला तो जाताना नव्हे, येताना. आता लोक विमानाने परततात. शोकाच्या उत्तरार्धाला लागणारा वेळ या व्यवस्थेत कोठेच उरलेला नाही.

तरीही शोकयात्री अजून येतात. फोंसेबादोनजवळच्या सुमारे दीड हजार मीटर उंचीच्या माथ्यावर, ज्याच्या परिसरात बाराव्या शतकाच्या आरंभी गाउसेल्मो नावाच्या साधूने यात्रेकरूंसाठी आसरा बांधला होता, तेथे एका उंच लाकडी खांबावर लहानसा लोखंडी क्रूस आहे आणि त्याच्या पायाशी दगडांची टेकडी. पूर्वी कास्तीलमध्ये कापणीच्या हंगामाला जाणारे गालिसियन मजूर येथे दगड टाकीत; आता जगभरचे लोक आपल्या घरून आणलेला दगड ठेवतात, आणि त्या दगडांवर नावे असतात, त्यांच्याखाली छायाचित्रे, लहान मुलांचे बूट, चिठ्ठ्या असतात. चित्रपटातील यात्रेकरूही येथे थांबतात, आणि दिग्दर्शकाने हा प्रसंग संयमाने हाताळला आहे. त्याच्या या संयमाला मी मोठा कलागुण मानतो. बापाने मुलाबद्दल लांबलचक भाषण करावे, सोबत्यांनी सांत्वन करावे, अशा जागा चित्रपटात पुष्कळ होत्या. त्या बहुतेक त्याने टाळल्या आहेत, कारण शोक करणाऱ्याला काय करावे हे ही वाट शेकडो वर्षे सांगत आली आहे: उचलून न्यावे, पुरावे, दगड ठेवावा, आणि उद्याच्या मुक्कामाला निघावे.

सांतियागोच्या यात्रेकरू-कचेरीत आजही एक सोय आहे. मृत किंवा शय्येला खिळलेल्या माणसाच्या वतीने जो चालून आला, त्याच्या प्रमाणपत्रावर त्या माणसाचे नाव, त्याच्याप्रीत्यर्थ यात्रा केली अशा लॅटिन शब्दांसह, लिहून दिले जाते. मात्र हे मागितल्यावाचून कोणी लिहून देत नाही. म्हणून ज्या मराठी वाचकाच्या मनात ही वाट चालण्याचे असेल, आणि ज्याच्या घरचे कोणी नुकतेच गेले असेल, त्याने शक्य असेल तर सार्रियापासून नव्हे, घाटाच्या अलीकडून निघावे, आणि अखेरीस कचेरीच्या खिडकीशी पोचल्यावर ते नाव अवश्य सांगावे.